अंतरपाटावरचं सैल पान

आमच्या घराची बेल वाजली की मी स्टुलावरून उठतो. हातातली भरतकामाची आरी फ्रेमच्या कडेला ठेवतो, सोफ्यावर येऊन पेपर उघडतो. तोवर बायको स्वयंपाकघरातून येऊन माझ्या जागेवर बसलेली असते. ती स्थिरावली की मी पुन्हा उठतो आणि दार उघडतो. दार उघडायला इतका वेळ लागतो की बाहेरच्यांना वाटत असणार, या घरात पायाने अधू कोणीतरी राहतं.

दारात बहुतेक वेळा लग्न ठरलेली एखादी मुलगी आणि तिची आई असते. मुलगी थेट फ्रेमपाशी जाते, वाकून बघते, बोट लावू का म्हणून विचारते आणि लावतेच.

"काकू, कसलं भारी झालंय! काय हात आहे तुमचा!" आणि मग माझ्याकडे बघून, "काका, तुमची मात्र ऐश आहे हां. काकू मान मोडून काम करतायत आणि तुम्ही कोडं सोडवताय."

"सवयच लावून ठेवलीय मी त्याला," बायको म्हणते.

सगळ्या हसतात, मीही हसतो. पेपर कधीकधी कालचा असतो.

मला बोलायची फारशी सवय नाही. साकीनाक्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. तिथेही लोक माझ्याकडे यायचे ते 'हा कुठे बोलणार नाही' म्हणून. कंपनी वापीला गेली, मी मुलुंडलाच राहिलो. घरी बसलेल्या पुरुषाचं जे होतं ते माझं झालं, म्हणजे पंखे पुसून झाले, गॅलरीतल्या कुंड्या इकडच्या तिकडे करून झाल्या, सोसायटीच्या मीटिंगांना जाऊन झालं. त्या काळात बायकोच्या फ्रेमशेजारी मी पहिल्यांदा नीट बसलो.

नवरीच्या ब्लाउजांवर आरीचं भरतकाम करते ती. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कापड लाकडी चौकटीवर डमरूसारखं ताणून बसवायचं. वरच्या हाताने आरी टोचायची, खालच्या हाताने तिला दोरा अडकवायचा, आरी वर ओढायची. एक कडी तयार होते. त्या कडीच्या पोटातून पुढची कडी. झालं. कृती एवढीच आहे, पण एकसारख्या कड्या पडायला लागेपर्यंत माणसाचा अंत बघते. कडी किंचित सैल पडली की पाकळी फुगते, घट्ट पडली की कापड चुण्या धरतं. बायको काम करत असली की आरीचा एक टक-टक आवाज यायचा, पाल चुकचुकते तसा, पण एका लयीत. मी पेपर वाचतोय असं दाखवत तो आवाज ऐकत बसायचो.

हल्लीच्या मुलींना ब्लाउजच्या पाठीवर सगळं लग्न हवं असतं. पालखी, सनई-चौघडा, मुंडावळ्या बांधलेले दोघं, बाहीवर नवऱ्याचं नाव. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. मग एकदा तिने एका पाठीवर मोर भरला, आणि त्याच्या मानेला निळ्याच्या चार छटा अशा काही लावल्या की मी सकाळी दूध आणायला निघालेला, पिशवी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. ती म्हणाली, "बघून घे. नवरीला दिसायचा नाही तो. पाठीवर असतो ना. फोटोतच बघेल बिचारी."

हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं, की जिच्यासाठी एवढं करायचं, तिलाच ते अंगावर असताना दिसत नाही.

मी कामाला हात कधी लावला ते आता नीट आठवत नाही. आधी मणी ओवून द्यायला लागलो. मग तिचं चुकलेलं उसवून द्यायला. मग तिचा उजवा अंगठा बुंध्यात दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले झीज आहे, आराम द्या. लग्नसराई तोंडावर होती. "जरा ही बाही भर," ती म्हणाली, "वेल आहे, सोप्पी आहे." मी भरली. तिने चष्मा लावून पाहिली आणि म्हणाली, "तुझी साखळी उलटी चालते."

मी डावखुरा. जेवण आणि लिहिणं आईने दटावून दटावून उजव्या हातावर आणलं, बाकी सगळं डाव्यानेच होतं. बायको पाकळी देठापासून सुरू करून उजव्या अंगाने वर चढते आणि डावीकडून उतरते. माझं बरोब्बर उलटं. कडीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेनेच रेशमावर उजेड चमकतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पाकळ्या, तोच रंग, तोच दोरा, पण तिची उजळ दिसली तर माझी काळपट, आणि माझी उजळ दिसली तर तिची. ज्याला माहीत नाही त्याला कळत नाही. एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही.

मग पूर्ण ब्लाउज एकाच्याच हातचं असायला हवं, असं ठरलं. आणि तिचा अंगठा तर दुखत होता.

कोणाला सांगायचं नाही, हे कोण म्हणालं? माझी पक्की समजूत होती की ती म्हणाली. एकदा बोलता बोलता मी तसं म्हटलं तर ती चमकून बघायला लागली.

"मी कशाला म्हणेन? तू म्हणालास. जुन्या चाळीतले मित्र हसतील म्हणालास."

"मी असं म्हणालो?"

"मग काय मी?"

मी असं म्हणालो असेन, अशक्य नाही. ती म्हणाली असेल तेही अशक्य नाही. हात दुखतो म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. पण खरं कारण ते नव्हतं, असंही मला वाटतं. काम तिचं होतं. लग्नानंतर नोकरी सोडून, सासूचं सगळं करून, तिने स्वतःचं म्हणून एवढंच उभं केलं होतं. आणि मी रिकामा होतो म्हणून येऊन त्या स्टुलावर बसलो. मदत म्हणून बसलो की हिसकावून, हे बसताना कळत नाही.

आमची मुलगी तेव्हा पुण्याला नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं, मुलगा बोरिवलीचा. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, ब्लाउज मी विकत घेतेय. तू त्यात मरू नकोस. मला फक्त अंतरपाट दे तुझ्या हातचा."

"अंतरपाटावर काय भरायचं असतं गं? पांढरं कापड आणि मधे कुंकवाचं स्वस्तिक. आमच्या वेळी तेवढंच होतं."

"हल्ली भरतात. पण नावंबिवं नकोत हां, ते सगळ्यांकडे असतं. मला साधं हवं. समई, वेल, पानं. आणि आई, सगळं तुझ्या हातचं. त्या पार्ल्याच्या आरीच्या क्लासमधल्या मुलींना भरायला नाही द्यायचं. एकेक टाका तुझा."

"हो गं बाई, माझाच."

कॉल बंद झाला. मी बायकोकडे पाहिलं नाही.

"मीच करणार आहे," ती म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं.

आणि तिने सुरुवात केलीही. मोतिया रंगाचं रेशीम आणलं, कागदावर नक्षी काढून टाचणीने टोचली, त्यावर पावडर फिरवून कापडावर उतरवली. समईच्या ज्योतीपासून घेतलं. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून रोज दुपारी थोडं थोडं करायची. टक-टक आवाजाची लय मात्र गेली होती. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. मी सोफ्यावर खरंच पेपर वाचायचो, कारण तिकडे बघायची भीती वाटायची.

तिच्या कड्या सैल पडत होत्या.

खूप नाही. मुलीला कळल्या असत्या का? बहुधा नसत्या. पण मला दिसत होत्या, आणि तिनेच मला त्या बघायला शिकवलं होतं. एका दुपारी ती अंगठ्याला शेक घ्यायला फिजिओथेरपीला गेली. मी फ्रेमपाशी गेलो. एकच पाकळी नीट करू म्हटलं, समईच्या खालची. तिला दिसणारही नाही. साखळीचा टाका असा असतो की शेवटची कडी सुटली आणि दोरा ओढला की सरसर सगळं निघून येतं. मी ओढला. पाकळी गेली. दोरा पुढच्या पाकळीतूनच आलेला होता, तीही गेली. हात थांबला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल, मला तो थांबवता आला असता. दोरा हातात येताना एक सुखही होत होतं, तेही सांगून टाकतो.

ती परत आली तेव्हा समईच्या खालची सगळी फुलं नव्याने भरलेली होती. माझ्या दिशेने. तिने पर्स खुंटीला अडकवली, फ्रेमपाशी येऊन उभी राहिली. आता ओरडेल, असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चहा टाकते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती फ्रेमवर बसली नाही. त्यानंतरही नाही. मग समईची ज्योत तेवढी वेगळी चमकते म्हणून मी तीही उसवून पुन्हा भरली, वेल भरली, काठाची पानं भरली. तिने एकदाही विचारलं नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाली, "दोरा पुरेल ना?" हे समजूतदारपणाने म्हणाली की टोचून, यावर मी अजून विचार करतो.

सांगायचं म्हणजे, मी अंतरपाट अप्रतिम केला होता. इतकं चांगलं माझ्या हातून पुन्हा होणार नाही. आणि त्यात मुलीला हवा होता तसा एकही टाका नव्हता.

लग्न मुलुंडच्याच एका हॉलमध्ये होतं. आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टकांना उभं राहायचं नसतं. तिने बाजूला जाऊन तुळशीला पाणी घालायचं. हॉलवाल्यांनी लिफ्टजवळ एक तुळशीची कुंडी ठेवलेली असते, खास याच कामासाठी. बायको पैठणी सावरत, तांब्या घेऊन तिकडे गेली. जाताना मागे वळून बघितलंन. मुलीकडे की कापडाकडे, ते कळलं नाही.

अंतरपाटाचं एक टोक गुरुजींच्या हातात, दुसरं माझ्या चुलतभावाच्या. भरतकामाची सुलट बाजू मुलीकडे केली होती. मी तिच्या खांद्याशी, मुठीत अक्षता घेऊन. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्नातल्या सगळ्या कापडांत हे एकच नवरीला स्वतःला बघायला मिळतं. पाठ तिची तिला दिसत नाही. हे तिच्या नाकासमोर असतं आणि कडवी संपेपर्यंत दुसरीकडे बघायची सोय नसते. माझी मुलगी ते बघत होती. वरून हॉलचा पिवळा झोत कापडावर पडला होता. तिची नजर समईवरून वेलीवर, वेलीवरून काठाच्या पानांवर उतरली आणि एका जागी थांबली. मीही तिथे पाहिलं.

खालच्या कोपऱ्यातलं एक पान वेगळं चमकत होतं.

सगळी पानं उजळ, हे एक काळपट. कड्या सैल. उजव्या अंगाने वर चढून डावीकडे उतरलेलं. मी कोपऱ्यातलं पान असं भरलं नव्हतं. मी ते माझ्या दिशेने भरलं होतं, घट्ट. कोणीतरी ते उसवून पुन्हा भरलं होतं, दुखऱ्या अंगठ्याने, मी घरात नसताना.

'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मी माझ्या मुठीतल्या टाकायला विसरलो.

जेवणं उरकल्यावर आम्ही तिघंच नवरीच्या खोलीत होतो. मुलगी पंख्याखाली बसून केसांतल्या पिना काढत होती.

"आई, काय सुंदर केलायस गं. मला मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत." मग माझ्याकडे वळली, डोळे बारीक करून. "आणि बाबा, तू मधे बोट घातलंस ना?"

मी टेबलावरच्या पिना गोळा करायला लागलो.

"खालचं एक पान सैल आहे. बाकी सगळं आईचं कसं एका सुतात, आणि ते एकच वेगळं. पकडला की नाही चोर? तुला राहवलं नाही ना?"

मी तोंड उघडलं. बायको पैठणीच्या निऱ्या नीट करत होती. मान वर न करता म्हणाली, "हो गं. म्हणाला, लेकीसाठी एक तरी पान भरतो. म्हटलं, भर."

"ऑऽऽ बाबा!" म्हणून मुलीने मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मी बायकोकडे बघत होतो. ती निऱ्याच बघत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"तिला आनंद झाला ना?"

"पण ते पान..."

"झोप आता. पाय दुखतायत माझे."

तिथे विषय संपला, म्हणजे माझ्याकडून संपला नाही. ते पान तिने का भरलं होतं? मुलीला दिलेला शब्द राखायला? मला दाखवायला? मग ते माझ्या नावावर का टाकलं? माझी लाज झाकली की स्वतःची? एकदा वाटायचं, किती मोठ्या मनाची आहे. एकदा वाटायचं, ही शिक्षा आहे.

मागच्या आठवड्यात मुलगी बोरिवलीहून आली. पिशवीत अंतरपाट.

"हा काचेत घालून हॉलमध्ये लावणार आहोत आम्ही. सासूबाई सगळ्यांना बोलावून दाखवणार आहेत, आईने एकटीने केला म्हणून. फक्त आई, ते बाबाचं पान तेवढं उसवून नीट करून दे ना. बाबा, सॉरी हां, पण फोटोतसुद्धा दिसतं रे ते. रविवारी न्यायला येते."

"ठेव तिथे," बायको म्हणाली. "करते."

मुलगी गेल्यावर तिने स्वतः कापड फ्रेमवर ताणलं. माझ्यापुढे आरी ठेवली.

"कर."

मी आरी हातात घेतली. शेवटच्या कडीचा दोरा चिमटीत धरला. ओढला असता तर सरसर निघून आलं असतं. ओढला नाही. उठलो आणि मुलीला फोन लावला. बायको दारात उभी होती, हाताला कणीक.

मी सगळं सांगितलं. बेल वाजली की काय करतो ते, डाव्या हाताचं, त्या दुपारी काय उसवलं ते. इतकं सलग मी आयुष्यात बोललो नसेन. शेवटी म्हणालो, "ते पान तुझ्या आईचं आहे. बाकीचं मी भरलंय."

पलीकडे मागे कोणाच्या तरी घरचा कुकर वाजला.

"म्हणजे सगळ्यात मी आईचंच उसवायला सांगितलं?"

"तुला माहीत नव्हतं."

"आणि मंगलाष्टकांत मी तुला बघत होते?" तिचा आवाज कसासाच झाला. "थांब बाबा. मला कळत नाहीये मला काय होतंय ते. नंतर करते." फोन ठेवलान.

मला हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. बायकोकडे पाहिलं. ती रागाने लाल झाली होती.

"कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"अगं, ते तुझं पान होतं. तुला मिळायला नको?"

"काय मिळालं मला? आत्तापर्यंत सगळा अंतरपाट माझा होता आणि एक सैल पान तुझं होतं. आता सगळा अंतरपाट तुझा झाला आणि सैल पान तेवढं माझं. हे दिलंस तू मला." ती आत गेली. पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज आला.

मी उभा राहिलो. तिचं म्हणणं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. खरं सांगितल्यावर सगळं सोपं होतं, असं मी इतकी वर्षं न बोलता का होईना, पण धरून चाललो होतो.

शनिवारी मी भाजी घेऊन आलो तर घरात टक-टक ऐकू आलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. बायको स्टुलावर होती, अंगठ्याला चिकटपट्टी. कोपऱ्यातलं सैल पान तसंच होतं. त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं माझं घट्ट पान तिने उसवून टाकलं होतं आणि तिथे स्वतःचं भरत होती. अर्धं झालं होतं. हेही सैलच.

"हे काय?"

"एकच असलं की चूक दिसते. दोन्ही कोपऱ्यांत असलं की लोक म्हणतात, असंच असेल." तिने आरी टोचली, ओढली. कडी निसटली. "गालातल्या गालात काय हसतोयस?"

"हसत नाहीये."

"मग नुसता उभा काय राहिलायस? खालून दोरा धर. माझा हात अडकवायला पोचत नाहीये."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली, फ्रेमखाली हात घातला आणि डाव्या हाताने दोरा धरला. वर तिची आरी. ती टोचायची तेव्हा मला फक्त टोक दिसायचं, त्याला मी दोरा अडकवायचा, ती वर ओढायची. दोन-तीनदा टोक माझ्या बोटात गेलं.

"घट्ट नको ओढून धरूस," ती वरून म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. शनिवार होता. मुलीने रविवार म्हटलं होतं, पण तिचं काही सांगता येत नाही. कुणी गिऱ्हाईकही असेल. माझा हात फ्रेमखाली, दोरा बोटात, तिची आरी अर्धी कापडात. मी उठू लागलो.

"बस," बायको म्हणाली. "दोरा सुटेल." आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "उघडंच आहे, या!"